सातारा व सांगली जिल्ह्यांतील लांब पल्ल्याचा रेल्वेप्रवास

सातारा व सांगली जिल्ह्यांतील लांब पल्ल्याचा रेल्वेप्रवास मुख्यतः पुणे–मिरज–कोल्हापूर या लोहमार्गावरून होतो. हा मार्ग उत्तरेकडे पुण्याला आणि तेथून मुंबई, नागपूर व दिल्लीकडे जाणाऱ्या मार्गांना मिळतो. दक्षिणेकडे मिरज जंक्शनमार्गे तो बेळगाव, हुबळी व बंगळूर यांच्याशी जोडलेला आहे. मिरजेहून पूर्वेकडे पंढरपूर व कुर्डुवाडीला जाणारा आणखी एक मार्ग आहे. भारतीय रेल्वेचे साध्या गाड्यांचे भाडे अंतरावर ठरत असल्यामुळे या जिल्ह्यांतून देशाच्या दूरच्या भागात जाण्याचे सर्वांत स्वस्त साधन बहुधा रेल्वेच असते. मात्र अनेक गावे स्थानकांपासून दूर असल्याने आणि बऱ्याच ठिकाणी थेट गाडी नसल्याने प्रवासाचा प्रत्यक्ष खर्च तिकिटाच्या किमतीपुरता मर्यादित राहत नाही. चढण्याचे स्थानक, गाडी बदलण्याचे ठिकाण, डब्याचा वर्ग आणि आरक्षणाची वेळ यांवर तो अवलंबून असतो.

## भौगोलिक पार्श्वभूमी

पुण्याहून निघालेला लोहमार्ग जेजुरी, नीरा, लोणंद व वाठार या मार्गाने साताऱ्यास येतो आणि पुढे कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी व सांगली करत मिरजेस पोहोचतो. पुणे ते मिरज हे रेल्वेचे अंतर सुमारे २८० किलोमीटर, तर पुणे ते कोल्हापूर सुमारे ३२६ किलोमीटर आहे. पुणे–सातारा रस्ता खंबाटकी घाटातून थेट जातो. लोहमार्ग मात्र पूर्वेकडून वळसा घेऊन आदर्की–वाठार भागातील घाट चढतो. त्यामुळे या दोन शहरांतील रेल्वेचे अंतर सुमारे १४५ किलोमीटर भरते आणि ते रस्त्यापेक्षा बरेच जास्त आहे.

मार्गावरील काही महत्त्वाची स्थानके ज्या गावांच्या नावाने ओळखली जातात, त्या गावांपासून ती अंतरावर आहेत. सातारा स्थानक शहराच्या पूर्वेस माहुलीजवळ आहे, तर कराड स्थानक ओगलेवाडी येथे आहे. सांगली व मिरज ही स्थानके त्या मानाने वस्तीत आहेत. इस्लामपूर (ईश्वरपूर) परिसरातील प्रवाशांना ताकारी, तर पलूस व कुंडल परिसरातील प्रवाशांना किर्लोस्करवाडी हे स्थानक सोयीचे पडते. मिरज–पंढरपूर मार्गावरील कवठेमहांकाळ, ढालगाव व जत रोड ही स्थानके सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागाला उपयोगी आहेत. पाटण, जावळी, महाबळेश्वर व माण (जि. सातारा) आणि शिराळा व आटपाडी (जि. सांगली) या तालुक्यांतील लोकांना रेल्वे गाठण्यासाठी आधी रस्त्याने प्रवास करावा लागतो.

## इतिहास

### मीटरगेजचा काळ

सदर्न मराठा रेल्वे कंपनीने १८८० च्या दशकात पुण्याहून मिरज, बेळगाव व लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग बांधला. मिरज–कोल्हापूर मार्गाची पायाभरणी १८८८ मध्ये झाली व तो १८९१ मध्ये सुरू झाला. कोल्हापूर संस्थानच्या खर्चाने हा मार्ग उभारण्यात आला. सांगली संस्थानने मिरज–सांगली हा छोटा फाटा १९०७ मध्ये सुरू केला. १९०८ मध्ये सदर्न मराठा व मद्रास या दोन रेल्वे कंपन्या एकत्र येऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. १९५१ मध्ये ती नव्या दक्षिण रेल्वेत विलीन झाली.

पूर्वेकडून बार्शी लाइट रेल्वेचा २ फूट ६ इंच रुंदीचा नॅरोगेज मार्ग आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या या रेल्वेचा बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ मध्ये, पंढरपूरपर्यंतचा १९०६ मध्ये आणि मिरजेपर्यंतचा १९२७ मध्ये सुरू झाला. पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्या सामान्य प्रवाशांची वाहतूक हे या मार्गाचे एक प्रमुख काम होते. सरकारने १९५४ मध्ये ही रेल्वे ताब्यात घेतली.

मुंबई–पुणे मार्ग ब्रॉडगेज व पुणे–मिरज मार्ग मीटरगेज असल्यामुळे साताऱ्याहून किंवा सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला पुण्यात सामानासह गाडी बदलावी लागे. कापडगिरण्यांत व गोदीत कामाला गेलेल्या सातारा जिल्ह्यातील हजारो कामगारांचा गावाकडचा प्रवास याच पद्धतीने होत असे.

### मसूर स्थानकावरील प्रसंग

या मार्गावरील प्रवासाचे एक महत्त्वाचे लिखित वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनपर लेखनात आहे. १९०१ मध्ये साताऱ्यात राहणारे बाल भीमराव घरातील इतर मुलांसह वडिलांना भेटण्यासाठी खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. वडील तेथे रोखपालाचे काम करत. घरापासून दहा मैलांवरील स्थानकापर्यंत मुले टांग्याने गेली आणि तेथून रेल्वेने मसूरला उतरली. मुले येत असल्याचा निरोप वडिलांपर्यंत पोहोचला नसल्यामुळे त्यांना घेण्यास कोणी आले नव्हते. मुले महार असल्याचे कळताच स्थानकप्रमुखाचे वागणे बदलले आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देण्याच्या आणि गाडी मुलांनी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक गाडी मिळाली. वाटेत त्यांना पिण्याचे पाणीही मिळाले नाही.

रेल्वेचे तिकीट सर्वांना एकाच दराने मिळत असले, तरी स्थानकाबाहेरचा प्रवास जातीनुसार किती महाग व अपमानास्पद होऊ शकत होता, हे या प्रसंगातून दिसते. हे लेखन पुस्तिकारूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

### स्वातंत्र्यलढा

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात (त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग समाविष्ट होता) प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वेगाडी अडवून ती रक्कम ताब्यात घेतली. कुंडलचे जी. डी. बापू लाड व कॅप्टन रामभाऊ लाड हे या कारवाईत आघाडीवर होते.

### रुंदीकरण

पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९७१ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईपर्यंत थेट गाड्या सुरू झाल्या. मिरजेच्या दक्षिणेकडील मार्ग मीटरगेज व पूर्वेकडील नॅरोगेज राहिल्यामुळे गाडी बदलण्याचे ठिकाण पुण्याहून मिरजेला सरकले. तीनही रुंदीचे रूळ असलेले मिरज हे देशातील मोजक्या जंक्शनांपैकी एक होते. मिरज–लोंढा मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले. कुर्डुवाडी–पंढरपूर, कुर्डुवाडी–लातूर व पंढरपूर–मिरज या नॅरोगेज मार्गांचे रुंदीकरण २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने होऊन मिरज पूर्णपणे ब्रॉडगेज जंक्शन झाले. त्यामुळे मिरजेहून लातूर व मराठवाड्याकडे थेट गाड्या जाऊ शकल्या. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ ही रेल्वेगाडीही याच मार्गाने धावली.

१९९६ मध्ये मध्य रेल्वेचा पुणे विभाग स्थापन झाला. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग या विभागात येतो. मिरजेच्या दक्षिणेकडील मार्ग २००३ पासून कार्यरत असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे. पुणे–मिरज मार्गाचे विद्युतीकरण झाले असून दुहेरीकरणही टप्प्याटप्प्याने करण्यात आले आहे. लोणंद–फलटण या नव्या मार्गावर मार्च २०२१ मध्ये पुणे–फलटण प्रवासी गाडी सुरू झाली.

### तिसऱ्या वर्गापासून शयनयानापर्यंत

ब्रिटिश काळात बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाने जात. लाकडी बाके, गर्दी व अपुऱ्या सोयी ही या वर्गाची ओळख होती. भारतीय रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद केला. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या बसविण्याचा निर्णय घेतला. त्यांच्याच कार्यकाळात मुंबई–हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. कमी भाड्यात रात्रभर झोपून प्रवास करण्याची आजची पद्धत या बदलांतून रूढ झाली.

## प्रवासी

या जिल्ह्यांतून लांबचा प्रवास करणाऱ्यांत काही ठळक गट दिसतात.

* गलाई व्यावसायिक : सांगली जिल्ह्यातील खानापूर (विटा), आटपाडी, तासगाव व कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव या तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत स्थायिक झाली आहेत. दुष्काळामुळे बाहेर पडलेली ही माणसे दिवाळी, लग्नकार्य व गावच्या यात्रेसाठी परततात. त्यांच्या प्रवासात सर्वसाधारणपणे दोन किंवा अधिक राज्ये ओलांडावी लागतात.
* सैनिक : सातारा जिल्ह्याला लष्करी सेवेची मोठी परंपरा आहे; अपशिंगे (मिलिटरी) हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. रजेवर येणाऱ्या सैनिकांचा प्रवास प्रामुख्याने उत्तरेकडून असतो.
* रुग्ण व नातेवाईक : डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरज हे वैद्यकीय उपचारांचे केंद्र बनले. महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातून रुग्ण येथे येतात. त्याचबरोबर विशेष उपचारांसाठी येथून पुणे व मुंबईकडे जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे.
* यात्रेकरू : पंढरपूर, जेजुरी, कोल्हापूर व तिरुपती ही यात्रास्थाने या जिल्ह्यांना रेल्वेने जोडलेली आहेत.
* विद्यार्थी व नोकरदार : पुणे व मुंबई येथे शिक्षण किंवा नोकरी करणाऱ्यांचा प्रवास शनिवार-रविवार व सणांच्या आसपास एकवटतो.

## मार्ग व प्रमुख गाड्या

### मुंबई व पुणे

मुंबई–कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस ही रात्रीची, तर कोयना एक्सप्रेस ही दिवसाची दैनंदिन गाडी आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस सांगली व मिरजेच्या प्रवाशांना अधिक सोयीची आहे, कारण मुंबईहून संध्याकाळनंतर निघून ती सकाळी तेथे पोहोचते. साताऱ्याला तीच गाडी रात्री उशिरा किंवा पहाटेपूर्वी येत असल्याने स्थानकापासून शहरापर्यंतच्या वाहनाची सोय आधी करावी लागते. याच मार्गावरील सह्याद्री एक्सप्रेस २०२० मध्ये बंद झाली. पुढे ती पुणे–कोल्हापूर दरम्यान विशेष गाडी म्हणून चालविण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे–कोल्हापूर व पुणे–हुबळी या वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. त्या वेगवान आहेत. परंतु त्यांचे भाडे साध्या एक्सप्रेसच्या तुलनेत बरेच अधिक आहे.

### विदर्भ व उत्तर भारत

कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस सांगली, कराड व सातारा येथून पुणे, मनमाड, भुसावळ व नागपूरमार्गे गोंदियाला जाते. तिचा सुमारे तेराशे किलोमीटरचा संपूर्ण प्रवास एकाच राज्यात होतो. वास्को–हजरत निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस ही मिरज, सांगली व साताऱ्याहून भोपाळ, झाशी व आग्रामार्गे दिल्लीला जाणारी दैनंदिन गाडी आहे. याशिवाय कोल्हापूरहून निजामुद्दीन, अहमदाबाद व धनबादकडे साप्ताहिक गाड्या जातात. धनबादची गाडी दीक्षाभूमी एक्सप्रेस या नावाने ओळखली जाते. कोल्हापूर–नागपूर मार्गावरील एक गाडी पुण्याकडे न जाता मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी व लातूरमार्गे धावते.

### दक्षिण भारत

दादरहून म्हैसूर, पुदुच्चेरी व तिरुनेलवेलीकडे जाणाऱ्या शरावती व चालुक्य एक्सप्रेस गाड्या सातारा–मिरज मार्गाने जातात. राजस्थान व गुजरातमधून बंगळूरकडे जाणाऱ्या काही गाड्यांचा मार्गही हाच आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरज परिसराला बंगळूरशी जोडते, तर कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव व हुबळीमार्गे तिरुपतीला जाते.

### कोकण

सातारा व सांगली जिल्ह्यांतून सह्याद्री उतरून कोकणात जाणारा लोहमार्ग नाही. कराड–चिपळूण व कोल्हापूर–वैभववाडी या जोडमार्गांच्या योजना दीर्घकाळ चर्चेत आहेत. रेल्वेने कोकणात जायचे असल्यास उत्तरेकडे पनवेल किंवा दक्षिणेकडे लोंढा–मडगाव असा मोठा वळसा पडतो. त्यामुळे या प्रवासासाठी एस.टी. बस हेच कमी खर्चाचे साधन ठरते.

## भाड्याची रचना

भारतीय रेल्वेच्या मेल व एक्सप्रेस गाड्यांचे मूळ भाडे अंतर व वर्ग यांनुसार ठरते. त्यात पुढील बाबींची भर पडते.

* आरक्षण शुल्क : वर्गानुसार ठरलेली रक्कम. शयनयानासाठी ती २० रुपये, तर वातानुकूलित तृतीय वर्गासाठी ४० रुपये आहे.
* अतिजलद अधिभार : ‘सुपरफास्ट’ म्हणून वर्गीकृत गाड्यांना लागू. गोवा एक्सप्रेस या वर्गात मोडते.
* तत्काळ शुल्क : ऐनवेळच्या आरक्षणासाठी आकारले जाते. आसन असलेल्या दुसऱ्या वर्गासाठी ते मूळ भाड्याच्या १० टक्के, तर अन्य वर्गांसाठी ३० टक्के असते. त्याला किमान व कमाल मर्यादा आहेत.
* वस्तू व सेवा कर : वातानुकूलित वर्गांना लागू.

भाड्याचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे अंतर वाढत जाते तसा दर किलोमीटरमागील आकार कमी होतो. म्हणून सांगली–पुणे व पुणे–नागपूर अशी दोन वेगळी तिकिटे घेण्यापेक्षा सांगली–नागपूर हे सलग तिकीट स्वस्त पडते. दोन तिकिटांमध्ये आरक्षण शुल्कही दोनदा भरावे लागते.

साध्या एक्सप्रेस गाड्यांचे भाडे आरक्षण लवकर केल्यामुळे कमी होत नाही. लवकर आरक्षण केल्याचा फायदा निश्चित जागा मिळण्यात असतो. अप्रत्यक्षपणे त्यामुळे तत्काळ शुल्क किंवा ऐनवेळी खासगी बसचे चढे भाडे वाचते. मागणीनुसार वाढणारे भाडे २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना लागू झाले. ‘प्रीमियम तत्काळ’ कोट्यातही भाडे मागणीनुसार वाढते.

सर्वांत कमी भाडे अनारक्षित सामान्य डब्याचे असते. त्याचे तिकीट स्थानकावरील खिडकीवर, स्वयंचलित यंत्रावर किंवा रेल्वेच्या रेलवन या मोबाइल उपयोजनावर मिळते. २०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतराचे अनारक्षित तिकीट तीन दिवस आधीपासून काढता येते. या तिकिटावर आसनाची हमी नसते.

## आरक्षण

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाचा कालावधी प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवसांचा आहे. त्यापूर्वी तो १२० दिवसांचा होता. गणेशोत्सव, दिवाळी व उन्हाळी सुट्टीतील लोकप्रिय गाड्यांच्या जागा आरक्षण खुले झाल्यानंतर लवकर भरतात.

गाडीतील जागा वेगवेगळ्या कोट्यांत विभागलेल्या असतात. गाडीच्या आरंभ स्थानकाला सर्वसाधारण कोट्याचा मोठा वाटा मिळतो, तर मधल्या स्थानकांना मर्यादित जागा किंवा सामायिक कोटा असतो. सातारा, कराड व सांगली ही बहुतेक गाड्यांची मधली स्थानके असल्याने येथील प्रवाशांच्या वाट्याला अनेकदा प्रतीक्षायादी येते. आरंभ स्थानकापासूनचे तिकीट घेऊन चढण्याचे स्थानक मात्र पुढचे नोंदविणे नियमांत बसते. उदाहरणार्थ, कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाडीचे कोल्हापूरपासूनचे तिकीट काढून प्रवासी सांगलीला चढू शकतो. थोड्या जादा भाड्यात निश्चित जागा मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

‘आरएसी’ तिकिटावर प्रवासाचा हक्क मिळतो. बाजूचा खालचा बर्थ दोन प्रवाशांना बसण्यासाठी विभागून दिला जातो. ऑनलाइन काढलेले तिकीट प्रवासी तक्ता तयार झाल्यानंतरही प्रतीक्षायादीत राहिल्यास ते आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात.

तत्काळ आरक्षण गाडी आरंभ स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी खुले होते. वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० व इतर वर्गांसाठी सकाळी ११ ही वेळ आहे. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आवश्यक करण्यात आली. निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने रद्द केल्यास सर्वसाधारणपणे परतावा मिळत नाही.

## कमी खर्चाच्या प्रवासाची आखणी

### जंक्शनची निवड

थेट गाडी नसल्यास कोठे गाडी बदलायची, यावर वेळ व खर्च ठरतो. उत्तर व पूर्व भारताकडे जाणाऱ्यांसाठी पुणे हे मुख्य जंक्शन आहे. जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस व हावड्याची आझाद हिंद एक्सप्रेस या गाड्या पुण्याहून सुटतात. महालक्ष्मी व कोयना एक्सप्रेसने कल्याणला उतरून नाशिक–भुसावळ मार्गावरील गाड्या पकडता येतात. दक्षिणेकडील प्रवासासाठी मिरज, हुबळी व बंगळूर, तर लातूर व सोलापूरकडील प्रवासासाठी मिरज–कुर्डुवाडी मार्ग उपयोगी आहे. सांगली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील प्रवाशाला दक्षिण भारतात जाण्यासाठी पुण्याला जाणे म्हणजे अंतर व भाडे दोन्ही वाढविणे होय.

### जोडगाड्या

जोडगाडीच्या दोन आरक्षणांचे पीएनआर परस्परांशी जोडण्याची सोय एप्रिल २०१९ पासून उपलब्ध आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी गाडी चुकल्यास, ठरावीक अटींवर, न झालेल्या प्रवासाचे भाडे कपातीशिवाय परत मिळते. स्वतंत्रपणे काढलेल्या व न जोडलेल्या तिकिटांना हे संरक्षण नसते.

### मध्ये उतरण्याची मुभा

५०० किलोमीटरपेक्षा अधिक अंतराच्या एकेरी तिकिटावर प्रवाशाला वाटेत उतरून मुक्काम करता येतो. १,००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा व त्याहून लांबच्या तिकिटावर दोनदा ही मुभा मिळते. पहिला मुक्काम आरंभ स्थानकापासून ५०० किलोमीटर झाल्यानंतरच घेता येतो आणि प्रत्येक मुक्काम जास्तीत जास्त दोन दिवसांचा असू शकतो. सांगली–मुंबई अंतर ५०० किलोमीटरपेक्षा कमी असल्याने त्या तिकिटावर पुण्यात मुक्काम करता येत नाही. सांगली–दिल्ली तिकिटावर मात्र भोपाळ किंवा आग्रा येथे उतरता येते. अनेक ठिकाणे पाहून मूळ गावी परतणाऱ्यांसाठी ‘सर्क्युलर जर्नी’ तिकिटाची वेगळी सोय आहे. त्यात संपूर्ण फेरीच्या अंतरावर सलग भाडे आकारले जात असल्याने ते स्वस्त पडते.

### रात्रीचा प्रवास

रात्रीच्या गाडीने गेल्यास निवासाचा एका रात्रीचा खर्च वाचतो. रुग्णालयातील तपासणी, परीक्षा किंवा मुलाखत यांसाठी सांगली–मिरजेहून मुंबईला जाणारे प्रवासी म्हणूनच रात्रीची गाडी निवडतात. मुक्काम आवश्यक असल्यास मोठ्या स्थानकांवरील विश्रांतिकक्ष व सामानघर यांचा उपयोग होतो. जेवणासाठी घरून नेलेल्या दशम्या, धपाटे व चटणी हा या भागातील जुना व आजही प्रचलित पर्याय आहे.

### रेल्वे व एस.टी.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, तर ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या भाड्याची सवलत आहे. रेल्वेत अशी सार्वत्रिक सवलत नाही. त्यामुळे सातारा–पुणे यांसारख्या कमी अंतरावर, विशेषतः रस्त्याचे अंतर कमी आणि बसस्थानक शहरात असताना, महिला व ज्येष्ठांना बस सोयीची ठरते. अंतर जसे वाढते तसे शयनयानाचे भाडे व झोपण्याची सोय यांमुळे रेल्वेचे पारडे जड होते. स्थानकापर्यंत एस.टी.ने व पुढे रेल्वेने असा संमिश्र प्रवास विटा, आटपाडी, पाटण व दहिवडी परिसरातील लोकांसाठी नेहमीचा आहे.

## सवलती

पाच वर्षांखालील मुलांना स्वतंत्र जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र बर्थ नको असल्यास अर्धे, तर बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे आकारले जाते. दिव्यांग, कर्करोगासह काही आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यासाठी ठरावीक अटींवर सवलती आहेत. त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी भाडेसवलत (६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के व ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के) मार्च २०२० मध्ये कोविड-१९ महामारीच्या काळात बंद करण्यात आली. ६० वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील महिला यांना खालचा बर्थ देण्यासाठीचा कोटा मात्र कायम आहे; त्यातून भाडे कमी होत नाही.

## अडचणी

पावसाळ्यात या मार्गावरील प्रवास अनिश्चित होतो. मुंबईकडील घाटभागात व उपनगरी मार्गावर पाणी साचल्यास कोल्हापूरकडील गाड्या रद्द होतात किंवा पुण्यापर्यंतच धावतात. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व इतर यंत्रणांनी सुटका केली. त्यानंतर ऑगस्टमध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत आलेल्या महापुरानेही वाहतूक विस्कळीत झाली. रेल्वेने गाडी रद्द केल्यास पूर्ण भाडे परत मिळते; मात्र पर्यायी वाहनाचा खर्च प्रवाशालाच करावा लागतो.

आठवड्यातून एकदाच धावणाऱ्या गाड्या ही दुसरी अडचण आहे. अशी गाडी चुकल्यास पुण्यामार्गे दोन तिकिटे घेऊन जावे लागते. अनारक्षित डब्यांतील गर्दीचा त्रास मधल्या स्थानकांवर चढणाऱ्यांना अधिक होतो, कारण गाडी तेथे थोडाच वेळ थांबते.

## युरोपातील पद्धतीशी तुलना

जर्मनी, फ्रान्स आदी युरोपीय देशांत लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांचे भाडे मागणीनुसार बदलते. काही आठवडे आधी घेतलेले, विशिष्ट गाडीपुरतेच चालणारे तिकीट ऐनवेळच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त असते. तेथे स्वस्त प्रवासाची आखणी म्हणजे मुख्यतः लवकर खरेदी. सातारा–सांगलीतील प्रवाशासाठी लवकर आरक्षणाने भाडे तेच राहते, केवळ जागा निश्चित होते; बचत होते ती सलग तिकीट, वर्गाची निवड व स्थानकापर्यंतचा प्रवास यांतून.

युरोपात १९५९ पासून युरेल आणि १९७२ पासून इंटररेल हे अनेक देशांत चालणारे प्रवासपास आहेत. पहिला पास युरोपाबाहेरील पर्यटकांसाठी, तर दुसरा युरोपातील रहिवाशांसाठी आहे. पास असला तरी अनेक वेगवान व रात्रीच्या गाड्यांत आरक्षणाचे किंवा बर्थचे पैसे वेगळे द्यावे लागतात. भारतात सामान्य प्रवाशासाठी असा सर्वव्यापी पास नाही. सर्क्युलर जर्नी तिकीट हा त्याच्या जवळचा पर्याय आहे. युरोपात बंद पडत चाललेल्या रात्रीच्या गाड्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेने २०१६ पासून ‘नाइटजेट’ या नावाने पुन्हा वाढविल्या. भारतात मात्र रात्रीचे शयनयान हे सामान्य प्रवाशाचे नेहमीचे साधन म्हणून अखंड टिकून आहे.

## हे सुद्धा पहा

* मिरज जंक्शन रेल्वे स्थानक
* महालक्ष्मी एक्सप्रेस
* महाराष्ट्र एक्सप्रेस
* बार्शी लाइट रेल्वे
* मध्य रेल्वे
* महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ